तोंड बदलले की भाषा?

नव्या संगणकावर जुनी पोर्ट ठेवावीत काय, या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाला जुने ते सारे अडगळ वाटते, तर दुसऱ्याला प्रत्येक पोर्ट काढणे ही ग्राहकाची लूट वाटते. आमच्या मते दोन्ही पक्ष एक साधा भेद विसरतात. पोर्टला एक तोंड असते आणि त्या तोंडातून बोलली जाणारी एक भाषा असते. बदलले ते यांपैकी काय, हे आधी पाहावे.

यूएसबीचेच उदाहरण घ्या. १९९६ साली हे मानक आले तेव्हा त्याच्या चपट्या तोंडात ४ संपर्कपट्ट्या होत्या. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीने त्याच तोंडात आणखी ५ बसवल्या, पण जुन्या ४ हलवल्या नाहीत. २०१४ च्या सी-प्रकारात तोंड बदलले आणि संपर्क २४ झाले. तरी जुनी भाषा बोलणारे संपर्क त्यांतही आहेत. म्हणूनच जुना पेन ड्राइव्ह नव्या तोंडाला जोडायला एक स्वस्त जोड पुरतो.

शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरची गोष्ट वेगळी आहे. १९८७ पासूनच्या व्हीजीए पोर्टमधून लाल, हिरव्या व निळ्या रंगांची तीव्रता कमीजास्त होणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात जाते. एचडीएमआयमधून तीच माहिती अंकरूपाने जाते. म्हणजे येथे भाषाच बदलली, आणि मध्ये दुभाष्या म्हणून चिप लागते. चित्रापुरता हा दुभाष्या चांगले काम करतो. परंतु जुन्या पॅरलल पोर्टच्या ८ तारांवर प्रोग्रॅममधून थेट दाब देऊन दिवे लावण्याचे जे प्रयोग विद्यार्थी करीत, ते यूएसबीच्या जोडावर सहसा होत नाहीत; असे जोड बहुधा केवळ प्रिंटरची भाषा जाणतात. सिरियल पोर्टच्या तराजूचे वा मापकाचे काम जोडावर बहुधा भागते, पण जोडाचा ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी मिळेनासा झाला की उत्तम उपकरण मुके होते.

या कसोटीवर अॅपल कंपनीचे निर्णय तपासण्यासारखे आहेत. १९९८ च्या आयमॅकने कीबोर्ड, प्रिंटर यांची जुनी पोर्ट काढून यूएसबी दिले. त्रास झाला, पण यूएसबीची उपकरणे झपाट्याने वाढली. जुने कधीच न सोडल्यास नवे रुजत नाही, हा युक्तिवाद येथे खरा ठरला. २०१६ च्या मॅकबुक प्रोवर हेडफोनखेरीज सारी तोंडे सी-प्रकारची होती. २०२१ मध्ये एचडीएमआय व एसडी कार्डाची खाच परत आली. चपटे यूएसबी मात्र परतले नाही. वेगळी भाषा बोलणारी पोर्ट परतली आणि केवळ तोंड बदललेले गेले ते गेलेच, हे आम्हांला बोलके वाटते.

जुने पोर्ट जागा खाते, खर्च वाढवते. पातळ लॅपटॉपवर व्हीजीएचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मेजावरच्या संगणकात मात्र जागा असते. उपकरणाचे आयुष्य संगणकाहून पुष्कळदा मोठे असते. पोर्टचे वय न पाहता, पलीकडचे उपकरण अजून कामाचे आहे काय आणि दुभाष्याने त्याचे भागते काय, हे पाहूनच निवृत्ती ठरवावी. शाळेने नवा संगणक घेण्यापूर्वी प्रयोगशाळेतल्या उपकरणांची यादी करावी, प्रत्येकासमोर त्याचे पोर्ट लिहावे आणि जोड लावून विक्रेत्याकडून ते प्रत्यक्ष चालवून घ्यावे. हे काम विद्यार्थ्यांवर सोपवल्यास तो एक चांगला प्रयोगही होईल.