पुरुषांचे लांब केस आणि ‘समाजबाह्यता’ : एका उपपत्तीचे परीक्षण

१

पुरुषाने केस लांब वाढविले असता समाज त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो आणि त्या दृष्टीच्या मुळाशी कोणते तत्त्व असते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी मानवशास्त्रात त्यावर बराच विचार झालेला आहे. एडमंड लीच यांनी १९५८ साली ‘मॅजिकल हेअर’ हा आपला निबंध प्रसिद्ध केला. चार्ल्स बर्ग या मनोविश्लेषकाच्या प्रतिपादनाची तपासणी करताना लीच यांनी केस आणि कामवासना यांचा संबंध मान्य केला. मोकळे लांब केस हे अनिर्बंध कामाचे, आखूड वा घट्ट बांधलेले केस हे नियंत्रित कामाचे व मुंडित मस्तक हे ब्रह्मचर्याचे चिन्ह, असे सूत्र त्यांच्या निबंधातून निघते. सी. आर. हॉलपाइक यांनी १९६९ साली ‘सोशल हेअर’ या लेखात या सूत्रावर हल्ला चढविला. केसांचा अर्थ कामवासनेत शोधू नये, तो सामाजिक नियंत्रणात शोधावा, असे त्यांचे म्हणणे. लांब केस म्हणजे समाजाच्या बाहेर असणे. केस कापणे म्हणजे समाजात पुन्हा प्रवेश करणे, किंवा समाजातीलच एखाद्या विशिष्ट शिस्तीखाली राहणे, अशी त्यांची उपपत्ती थोडक्यात सांगता येईल.

ही उपपत्ती लोकप्रिय झाली याचे नवल नाही. सैनिक, कैदी आणि मठवासी भिक्षू हे तिघे एकमेकांपासून कितीही भिन्न असले तरी कडक शिस्तीखाली राहतात आणि तिघांचेही केस कापलेले असतात. उलट रानात शिकार करणारा एसाव, अरण्यात फिरणारा एलीया, पलिष्ट्यांशी एकट्याने झुंजणारा शमशोन या बायबलातील व्यक्ती केसाळ वा दीर्घकेशी आहेत. हॉलपाइक यांचा लेख प्रसिद्ध झाला त्या वर्षी पाश्चात्त्य नगरांतील हिप्पी तरुणांचे केसही डोळ्यांसमोर होतेच. तथापि एखादे सूत्र सुटसुटीत असणे आणि ते खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या प्रदेशात केशधारणेचे इतके सूक्ष्म नियम झाले त्या भारताच्या पुराव्यावर हे सूत्र घासून पाहिले असता त्यातील वैगुण्य स्पष्ट होते.

२

प्रथम या उपपत्तीला अनुकूल असा पुरावा पाहणे न्याय्य होईल. अशौचाच्या काळात क्षौर वर्ज्य असते आणि दहाव्या दिवशी क्षौर करून मनुष्य व्यवहारात परत येतो. येथे वाढलेला केस हा तात्पुरत्या विलगतेचा आणि क्षौर हे पुनःप्रवेशाचे चिन्ह आहे, हे हॉलपाइक यांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने जटा धारण कराव्यात, श्मश्रू व नखे काढू नयेत, असे सांगितले आहे. गाव सोडून वनात जाणाऱ्याची ही खूण होय. एवढ्यावर थांबले तर उपपत्ती सिद्ध झाली असेच कोणालाही वाटेल.

परंतु त्याच अध्यायात पुढे संन्याशाचे वर्णन येते आणि तेथे सूत्र उलटते. वानप्रस्थ वनात राहत असला तरी त्याचा अग्नी सुटलेला नसतो. तो पंचमहायज्ञ करतो, अतिथीला यथाशक्ती भिक्षा देतो, त्याची भार्याही त्याच्याबरोबर असू शकते. संन्याशी मात्र अग्नी आणि घर दोन्ही टाकतो व एकटा फिरतो. दोघांपैकी समाजाच्या अधिक बाहेर कोण, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. आणि मनू केस, नखे व श्मश्रू कापून टाकावयास सांगतो तो संन्याशालाच. हा यती मठाच्या शिस्तीखाली होता म्हणून मुंडित होता असे म्हणून सुटका करून घेता येत नाही, कारण स्मृतीतील यती एकाकी आहे. लीच यांनी संन्याशी एक तर शेंडी काढून टाकतो किंवा केसांकडे दुर्लक्ष करून ते जटिल होऊ देतो, असे दोन्ही पर्याय नमूद केले होते. ज्या अवस्थेची दोन परस्परविरुद्ध चिन्हे असू शकतात, तिचा अर्थ केसांच्या लांबीवरून काढता येणार नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्यांनीही पुरता काढला नाही.

रामायणातील उदाहरण याहून बोलके आहे. शृंगवेरपुराजवळ राम वडाच्या चिकाने जटा बांधतो, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तो वनवासाला निघाला आहे, म्हणून तिचा अर्थ लावणे सोपे जाते. पण भरतही जटा धारण करतो आणि त्या जटांसह नंदिग्रामात राहून चौदा वर्षे राज्याचा कारभार पाहतो. जो राज्यशासन चालवितो त्याला समाजबाह्य कसे म्हणावे? भरताची जटा ‘हे राज्य माझे नाही’ हे प्रजेला रोज सांगणारी प्रतिज्ञा आहे. मुद्राराक्षसातील चाणक्याची मोकळी शिखाही याच जातीची. नंदांच्या नाशाची प्रतिज्ञा पुरी होईपर्यंत ती बांधली जात नाही. मोकळा केस येथे समाजाला विसरलेल्या माणसाचा नसून समाजासमोर शब्द देऊन बसलेल्या माणसाचा आहे.

३

बौद्ध विनयातील पुरावा या चर्चेत विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यात केवळ नियम नाही, नियमामागचे कारणही दिलेले आहे. महावग्गात उरुवेला, नदी आणि गया या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तिघा काश्यप बंधूंची कथा येते. हे जटिल तपस्वी आपल्या अनुक्रमे पाचशे, तीनशे आणि दोनशे अनुयायांसह जटा कापून नदीत सोडतात आणि संघात प्रवेश करतात. हॉलपाइक यांच्या सूत्रात ही घटना बसते. पण चुल्लवग्गात भिक्षूंच्या केसांची मर्यादा घालून दिली आहे, दोन महिने किंवा दोन अंगुळे. आणि लांब केस ठेवणाऱ्या भिक्षूंविरुद्ध लोकांची तक्रार अशी की, हे कामभोग घेणाऱ्या गृहस्थांसारखे दिसतात. म्हणजे त्या लोकांच्या दृष्टीने पुरुषाचा लांब केस हा रानातल्या माणसाचा नव्हता, घरातल्या माणसाचा होता. तो समाजाच्या बाहेर नेत नव्हता, आत ओढत होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुकुटाखालून खांद्यावर उतरलेले केस पाहिले म्हणजे राजवैभव आणि दीर्घ केश यांचे साहचर्य त्या काळच्या चित्रकाराला किती स्वाभाविक वाटत होते हे समजते. जटिलाचे आणि गृहस्थाचे केस दोन्ही लांबच. संघाने दोन्ही नाकारले ते दोन अगदी भिन्न कारणांनी.

विष्णुपुराणातील सगराची कथाही येथे लक्षात घ्यावी. वसिष्ठांच्या शब्दाखातर सगराने शत्रूंचे प्राण वाचविले; परंतु यवनांचे मस्तक संपूर्ण मुंडविले, शकांचे अर्धे, पारदांना केस लांब ठेवावयास लावले आणि पह्लवांना दाढी; शिवाय त्यांचा वेदाध्ययनाचा व यज्ञाचा अधिकार काढून घेतला. चौघेही समाजबाह्य झाले, पण मुंडनाने एक आणि लांब केसांनी दुसरा. या कथेत अर्थ केसांत नाही, ते कसे असावेत हे ठरविणाऱ्या सत्तेत आहे. आजच्या विवेचनाला जी दिशा हवी ती या पुराणकथेत आधीच सापडते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४

भारताबाहेरील दोन उदाहरणे थोडक्यात देणे पुरे. ग्रीक नगरराज्यांत स्पार्टाइतकी कडक शिस्त अन्यत्र नव्हती, आणि स्पार्टाचे प्रौढ पुरुष केस लांब ठेवीत. थर्मोपिलीच्या लढाईपूर्वी पारशी टेहळ्याला ते केस विंचरताना दिसले. प्राण पणाला लावण्यापूर्वी मस्तक नीट करण्याची यांची रीतच आहे, असा खुलासा राजा झर्क्सिसाला करण्यात आला, हे हिरोडोटसने नोंदविले आहे. चीनमध्ये मांचू सत्तेने १६४५ साली कपाळाकडील केस भादरून मागे वेणी ठेवण्याची सक्ती केली आणि न ऐकणाऱ्यांना देहदंड दिला. पुढे १८५० ते १८६४ या काळातील तायपिंग बंडखोरांनी भादरणे सोडून केस वाढविले तेव्हा ते ‘लांब केसवाले’ म्हणूनच ओळखले गेले. सान फ्रान्सिस्को शहराने कैद्यांचे केस टाळूपासून इंचभर ठेवण्याचा नियम केला, तेव्हा चिनी वेणीच त्याचे लक्ष्य आहे हे न्यायमूर्ती फील्ड यांनी ओळखले आणि १८७९ साली तो नियम रद्द ठरविला. राजनिष्ठेचे चिन्ह समुद्रापलीकडे गेल्याबरोबर परकेपणाचे झाले. वेणीची लांबी तेवढीच राहिली.

आपल्याकडील शेंडीबाबतही हाच पेच पडतो. चौल संस्कारात मस्तक भादरले जाते आणि शिखा राखली जाते. हे केस कापणे म्हणावे की वाढविणे? एकाच मस्तकावर दोन्ही क्रिया एकाच आज्ञेने होतात. कापलेला केस आत आणि वाढलेला बाहेर असे म्हणणाऱ्या उपपत्तीला हे मस्तक मधोमध चिरावे लागेल.

५

या उपपत्तीची खरी कसोटी शीख पंथाच्या केसांवर लागते. १६९९ साली खालसाची स्थापना झाली. त्या दीक्षेतील पाच ककारांत केश आहे, तसाच कंगवाही आहे. जे. पी. एस. उबेराय यांनी या दोहोंची जोडी लावून दाखविली ती फार मार्मिक आहे. जटाधारी तपस्व्याचा केस विंचरला जात नाही. शिखाचा केस रोज विंचरला जातो, बांधला जातो आणि पगडीखाली राहतो. तो गृहस्थ आहे, श्रम करणारा आहे, शस्त्र धरणारा आहे. पंथाच्या दृष्टीने केस न कापणे हीच शिस्त, आणि केस कापणारा तो पतित, म्हणजे बाहेर पडलेला. हॉलपाइक यांचे सूत्र येथे पूर्णपणे उलटे होते. अपवाद म्हणून ते बाजूस सारता येत नाही, कारण हा एखाद्या व्यक्तीचा लहरीपणा नसून लाखो कुटुंबांचा नित्याचा आचार आहे.

बायबलातील नाजीराचा विधी पाहिला तरी हेच आढळते. गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नाजीराने व्रत असेपर्यंत वस्तरा लावू नये आणि व्रत संपल्यावर पवित्रस्थानाच्या दाराशी मस्तक मुंडून ते केस यज्ञाच्या अग्नीत टाकावेत असे सांगितले आहे. व्रताचा आरंभ, काळ आणि समाप्ती या सर्वांवर धर्मशास्त्राची नजर आहे. हा मनुष्य छावणीच्या बाहेर नाही, तिच्या मध्यभागी आहे.

६

या घोटाळ्याचे मूळ ‘लांब केस’ या शब्दप्रयोगातच आहे. मराठी भाषा या बाबतीत अधिक दक्ष दिसते. केस वाढतात, वाढविले जातात आणि राखले जातात. या तीन क्रियापदांत तीन वृत्ती आहेत. वाढणे हे निसर्गाचे, वाढविणे हे इच्छेचे आणि राखणे हे जबाबदारीचे. शेत राखतात, शब्द राखतात, तशी शेंडी राखतात. नामांतही तसाच भेद आहे. झिंज्या आणि झिपऱ्या या शब्दांत तिरस्कार आहे, जटा या शब्दात आदर किंवा भय आहे, आणि झुलपे म्हटले की लाडिक कौतुक येते. केस लांब एवढेच पाहणाऱ्याला हे सारे एकच. बोलणाऱ्या समाजाला ते कधीच एक नव्हते.

म्हणूनच जटेचा आदर करणाऱ्या याच समाजात जटेवर कठोर टीकाही झाली. धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात जटेने ब्राह्मण्य येत नाही असे बजावले आहे. तुकारामांनी जटा वाढवून आणि राख फासून हिंडणाऱ्यांचा दंभ उघडा पाडला, तर कबीरांनी मुंडनालाही सोडले नाही. या टीकेचा रोख केसांच्या लांबीवर नव्हता. केसांनी जे वचन दिले ते आचरणाने पाळले नाही यावर होता. टीकाकाराला जटेचा अर्थ मान्य होता, म्हणूनच तो जटाधाऱ्याला जाब विचारू शकला.

७

हा केवळ पंडितांचा वाद असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु १९७०च्या दशकाच्या आरंभी सिंगापूरच्या सरकारी कचेऱ्यांत लांब केसांच्या पुरुषांचे काम सर्वांत शेवटी केले जाईल असे फलक लागले होते, आणि भुवया, कान व कॉलर यांच्या मापाने ‘लांब’ म्हणजे काय हे चित्रांनी दाखविले होते. दक्षिण कोरियात १९७३ साली किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पुरुषांचे लांब केस हा गुन्हा ठरला व पोलीस रस्त्यात तरुणांचे केस कापू लागले. अशा शासनाला लांब केस म्हणजे समाजबाह्यता हे सूत्र अत्यंत सोयीचे असते. त्यात आरोप करणाऱ्याचे मत हाच पुरावा होतो, आणि ज्याच्या डोक्यावर केस आहेत त्याला काहीही विचारण्याची गरज उरत नाही. हॉलपाइक यांचा तसा हेतू नव्हता हे उघड आहे. पण समाजाची एखाद्याविषयीची दृष्टी आणि त्या व्यक्तीचे समाजातील स्थान यांत त्यांनी पुरेसे अंतर ठेवले नाही, हा दोष उरतोच.

वरील पुराव्यावरून एक पर्यायी विधान सुचविता येईल. पुरुषाच्या लांब केसांचा अर्थ ठरविताना लांबी मोजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : ते कोणाच्या आज्ञेने वाढले, त्यांची निगा कोण व कशी राखतो, आणि ते कापण्याचा अधिकार कोणाला आहे. भरत, नाजीर आणि शीख यांच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे ठाम आहेत. म्हणूनच त्यांचे केस समाजाशी बांधलेले आहेत. ज्या केसांमागची आज्ञा पाहणाऱ्याला ओळखता येत नाही, तेच त्याला भीतिदायक किंवा हास्यास्पद वाटतात. केवळ आवडीखातर केस राखणारा तरुण आज बहुतेक या शेवटच्या वर्गात मोडतो. त्याच्या केसांमागे त्याच्या स्वतःच्या इच्छेवाचून दुसरी आज्ञा नाही. स्वतःची इच्छा हीही एक पुरेशी आज्ञा आहे असे मानावयास समाज कितपत तयार आहे, हेच त्याच्याकडे वळणाऱ्या नजरांवरून कळते. हॉलपाइक यांच्या उपपत्तीने त्या नजरेचे वर्णन चांगले केले, पण ती नजर ज्याच्यावर पडते त्या माणसाचे केले नाही.