पन्हाळ्याचा वेढा आणि चित्रकथेतील शत्रूचा चेहरा

१

पन्हाळगडाच्या वेढ्याचा प्रसंग चित्रकथाकाराला मोह पाडील असाच आहे. मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. चार महिने तो वेढा ढिला पडला नाही. अखेर १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, शिवाजीमहाराज निवडक मावळ्यांनिशी गडाबाहेर पडून विशाळगडाकडे निघाले. नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती सापडला व प्राणास मुकला, असे परंपरा सांगते. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे सैन्य यांनी घोडखिंड अडवून धरली, व त्या दिवसापासून ती खिंड पावन ठरली. वेग, अंधार, पाऊस, वेषांतर आणि आत्मबलिदान अशी सर्व सामग्री येथे आयतीच उपलब्ध आहे.

या कथेतील तीन व्यक्ती मराठी मुलाच्या मनात स्पष्ट रूपाने वसलेल्या असतात. चौथी व्यक्ती म्हणजे सिद्दी जौहर. त्याचे नाव मुलाला पाठ असते; परंतु त्याला स्वतःचा असा चेहरा मात्र नसतो. चित्रपुस्तिकांतून आणि भित्तिचित्रांतून तो सामान्यतः ज्या रूपात येतो, त्याच रूपात अफजलखान येतो आणि थोड्याफार फरकाने शाहिस्तेखानही येतो. स्थूल देह, वटारलेले डोळे, दाट दाढी, कपाळावर आठ्या हे त्या रूपाचे ठरलेले घटक होत. एक हबशी, एक विजापूरचा मातबर सरदार आणि एक मोगल बादशहाचा मामा या तिघांना एकच मुखवटा पुरावा, ही गोष्ट साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही. हा मुखवटा कोठून आला आणि त्यापायी कथेचे काय नुकसान झाले, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

२

चित्रकथा हा प्रकार मुळातच ओळखीवर उभा असतो. लहानशा चौकटीत पात्र कोण आहे हे वाचकाला क्षणात कळावे लागते. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन अवतरला, तेव्हापासून महानायकांच्या चित्रकथांनी ही गरज एका ठरावीक रीतीने भागवली. नायकाची ओळख त्याच्या वेषाने पटवली जाते. खलनायकाची ओळख मात्र पुष्कळदा त्याच्या वंशाने पटवली जाते. नायकाचा वेष त्याने स्वतः निवडलेला असतो व तो उतरवताही येतो. वंश निवडता येत नाही आणि उतरवताही येत नाही. १९४० साली जो सायमन व जॅक कर्बी यांनी कॅप्टन अमेरिका निर्माण केला. हे दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते, आणि त्यांचा नायक पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावताना दिसला. वंशद्वेषाविरुद्ध उभ्या राहिलेल्या या नायकाच्या काळातच अमेरिकी युद्धकथांतून जपानी माणूस सुळे असलेला पिवळा राक्षस म्हणून रंगवला जात होता. एका साच्याचा बळी ठरलेला समाज दुसऱ्याचा साचा घडण्यास आपोआप अटकाव करतो असे नाही, एवढा बोध त्यावरून घेता येतो.

मराठी वाचकाची या प्रकाराशी ओळख प्रामुख्याने वेताळाच्या द्वारे झाली. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा नायक १९६४ साली मुंबईत सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून भारतात घरोघर पोहोचला आणि पुढे मराठीतही बोलू लागला. या भारतीय आवृत्तीत झालेले दोन फेरफार अभ्यासकाने ध्यानात घ्यावे असे आहेत. मूळ कथेतील ‘बेंगाली’ हा प्रदेश येथे ‘डेंकाली’ झाला, आणि ‘सिंग’ नावाच्या चाच्यांची टोळी ‘सिंगा’ झाली. बंगालचे किंवा शिखांचे नाव चाचेगिरीशी व रानटीपणाशी जोडले गेल्यास आपले वाचक दुखावतील, हे संपादकांनी ओळखले होते, असाच त्याचा अर्थ लागतो. परंतु रानातील कृष्णवर्णी टोळ्यांवर गोऱ्या मुखवटाधाऱ्याचे पिढीजात अधिपत्य ही त्या कथेची मांडणी तशीच राहिली. तिने दुखावले जाणारे लोक या वाचकवर्गात नव्हते. तात्पर्य, साचा बदलतो तो सत्याच्या आग्रहाने क्वचितच; ज्याचे चित्र काढले तो माणूस वाचकांत येऊन बसला म्हणजे बदलतो. अमेरिकेतही पाकिस्तानी कुटुंबातील कमला खान ही मुलगी २०१४ साली स्वतःच्या नियतकालिकाची नायिका झाली, ती अशा वाचकांचे व लेखकांचे अस्तित्व मान्य झाल्यानंतरच.

३

१९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू झालेली अमर चित्रकथा हा या परंपरेला दिलेला देशी प्रतिसाद होता. परदेशी नायकांऐवजी भारतीय मुलांना आपल्या पुराणांतील व इतिहासातील पुरुष ओळखीचे व्हावेत, हा तिचा उद्देश होता. तिच्या ग्रंथसूचीत शिवाजी व तानाजी यांच्याबरोबर अकबर, चांदबिबी व रझिया सुलताना यांचाही समावेश आहे, हे तिच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. परंतु कार्लीन मॅक्लेन यांनी २००९ च्या आपल्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे मुसलमान व्यक्ती या मालेत बहुधा दोन टोकांवर वाटल्या गेल्या आहेत: एका टोकाला धर्मातीत आदर्श, तर दुसऱ्या टोकाला धर्मवेडा खलपुरुष. जो धर्माने मुसलमान आहे, पोटासाठी वा महत्त्वाकांक्षेसाठी लढतो आणि कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला असतो, अशा मधल्या माणसाला तेथे जागा मिळणे कठीण जाते.

हा देशी प्रतिसाद महानायकांच्या कथेपासून वाटतो तितका दूरही नव्हता. अमर चित्रकथेसाठी चित्रे काढणारे प्रताप मुळीक यांनीच १९८६ साली नागराज या भारतीय महानायकाच्या पहिल्या अंकाची चित्रे काढली. इतिहासपुरुष आणि सर्पशक्तीचा नायक या दोहोंची देहयष्टी एकाच रेखनपरंपरेतून आली, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचीही तशीच आली.

४

आता हा मुखवटा पन्हाळ्याच्या घटनेवर ठेवून पाहावा. प्रत्यक्ष वेढा हा दोन धर्मांचा किंवा दोन वंशांचा सरळ सामना नव्हता. महाराजांना सोडवण्यासाठी बाहेरून वेढ्यावर चालून गेलेल्या फौजेत नेताजी पालकरांच्या जोडीने सिद्दी हिलाल होता. म्हणजे वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा फोडू पाहणाराही सिद्दी. त्या लढाईत हिलालचा तरुण मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. उलट बाजूस, महाराज ज्या विशाळगडाकडे निघाले होते त्याला वेढा घालून बसलेले आदिलशाही सरदार होते शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी. खिंडीत बाजीप्रभू लढत असताना महाराजांना गडात शिरण्यासाठी ज्यांची फळी फोडावी लागली, ते असे मराठेच होते. शिवाय राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपले निशाण फडकावून पन्हाळ्यावर तोफा डागण्यास आले होते. त्याचा हिशोब महाराजांनी १६६१ साली राजापुरात चुकता केला.

परमानंदाचे ‘शिवभारत’ हे महाराजांच्या हयातीतील संस्कृत काव्य होय. यवनांविषयी त्याची भाषा सौम्य नाही, आणि नायकाला ते ईश्वरी अंश मानते. तरीही हिलालचे नाव व त्याच्या मुलाची हकीकत त्याने गाळली नाही. दरबारी स्तुतिकाव्याला जे सांगण्यात संकोच वाटला नाही, ते तीनशे वर्षांनंतरच्या चित्रपुस्तिकांना बहुधा सांगता येत नाही, याचे कारण कालमानाच्या प्रगतीत शोधून सापडणार नाही. ते रचनाप्रकारात शोधावे लागेल. काव्यात सिद्दी हिलाल हे एक नाव असते. चित्रात त्याला चेहरा द्यावा लागतो, आणि तो चेहरा तर शत्रूसाठी आधीच राखून ठेवलेला असतो. नेताजींचे पुढील चरित्रही या पद्धतीची हीच अडचण उघड करते. १६६७ साली औरंगजेबाने त्यांना मुसलमान केले आणि १६७६ साली ते स्वराज्यात परतले. मधल्या नऊ वर्षांत चित्रकाराने त्यांचा चेहरा बदलावा काय?

खुद्द सिद्दी जौहरचेही मोठे नुकसान झाले आहे. कर्नूळ प्रांतात स्वबळावर वर आलेला, सुलतानाशी बेबनाव असूनही त्याच्याकडूनच ‘सलाबतखान’ हा किताब घेऊन पन्हाळ्यावर आलेला, भर पावसाळ्यातही वेढा न उठवणारा, आणि पाखरू निसटल्यावर त्याच सुलतानाच्या संशयास पात्र झालेला हा सेनापती कोणत्याही नाटककाराने हेवा करावा असा प्रतिनायक आहे. त्याला राक्षस केल्याने महाराजांची थोरवी वाढत नाही, उलट घटते. सावध व चिवट सेनापतीच्या हातून निसटणे हा पराक्रम होय. मूर्ख राक्षसाला फसवणे हा पोरखेळ होय.

५

यावर एक आक्षेप संभवतो. बत्तीस पानांच्या बालपुस्तिकेत एवढी गुंतागुंत मावणार कशी, आणि वेढा घालणारा शत्रू नव्हता काय? आक्षेपाचा उत्तरार्ध मान्यच आहे. जौहर शत्रू होता आणि त्याला शत्रू म्हणूनच रंगवले पाहिजे. पूर्वार्ध मात्र टिकणारा नाही. हिलालला एक चौकट पुरते, सुर्वे-दळवींना दुसरी. संक्षेप हा दोष नव्हे. संक्षेप करताना नेहमी तीच माणसे गळावीत, हा दोष होय.

त्याहून महत्त्वाची विसंगती कथेच्या गाभ्यातच आहे. पन्हाळ्याच्या कथेतील कळसाचा क्षण शिवा काशिदाचा आहे. पालखीतील माणसाचा वेष आणि चेहरा पाहून शत्रूने त्यालाच शिवाजी मानले व त्या खात्रीपायी खरा शिवाजी दूर निघून गेला. नाभिक समाजातील एक माणूस राजा भासू शकतो. चेहरा हे माणसाचे अखेरचे प्रमाण नव्हे, हेच त्या बलिदानात गर्भित आहे. चेहऱ्यावर विसंबणारे ज्या प्रसंगात फसले, तो प्रसंग सांगताना चित्रकथा वाचकाला मात्र चेहऱ्यावर विसंबण्याचीच सवय लावते. शत्रूच्या छावणीची चूक ती अशा रीतीने वाचकाकडून पुन्हा करवून घेते.

या सवयीचा संबंध केवळ अभिरुचीशी नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत अफजलखानवधाचे चित्र असलेल्या कमानीवरून दंगल उसळली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणांच्या वादात जमावाने गजापूर येथील मुसलमान रहिवाशांची घरे व मशीद यांवर हल्ला केला. गजापूर हे पावनखिंडीच्या परिसरातील गाव, म्हणजे १६६० च्या त्या रात्रीच्या वाटेवरचेच. या घटनांची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे खापर चित्रपुस्तिकांवर फोडणे अशास्त्रीय ठरेल. तथापि शेजारच्या माणसात तीन शतकांपूर्वीचा शत्रू दिसावा, यासाठी त्या शत्रूला आधी एक ठरलेला चेहरा मिळालेला असावा लागतो, एवढे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचा समावेश होऊन तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. शिलाहार भोजाचा हा गड; त्यावर आदिलशाही बांधणीचा तीन दरवाजा व सज्जाकोठी उभी आहेत, बाजीप्रभूंचा पुतळा आहे आणि शिवा काशिदाचेही स्मारक आहे. सिद्दी हिलाल व त्याचा जखमी मुलगा यांना चित्रात स्थान देण्याचे काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते करणाऱ्या चित्रकाराला त्याचा आधार ‘शिवभारता’तच मिळेल.