'ले व्हिझितर' : हरपलेला किल्ला आणि हसण्याची दिशा

झाँ-मारी प्वारे दिग्दर्शित 'ले व्हिझितर' (१९९३) हा फ्रेंच विनोदी चित्रपट बहुधा निव्वळ करमणूक म्हणून पाहिला जातो. प्रस्तुत लेखात त्यातील सरंजामी वर्गाच्या चित्रणाचा विचार केला आहे. इ.स. ११२३ मधील सरदार गोदफ्र्वा आणि त्याचा चाकर झाकूय मांत्रिकाच्या काढ्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस येऊन पोहोचतात. तेथे सरदाराची वंशज बेआत्रीस एका दंतवैद्याची पत्नी आहे. वडिलोपार्जित किल्ला मात्र चाकराचा वंशज झाकार याच्या मालकीचा असून त्याने त्याचे आलिशान हॉटेल केले आहे.

मालमत्तेची अशी उलथापालथ होऊनही हसण्याची दिशा बदलत नाही, हे येथे लक्षणीय आहे. बेआत्रीसचे खानदानी हेल काढून बोलणे लोभस वाटते. (वालेरी लमेर्सिए हिला या भूमिकेसाठी सेझार पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होय.) याउलट झाकारचा नीटनेटकेपणा, त्याचे जपून बोलणे आणि आपल्या कुळाविषयीची लाज हे थट्टेचे विषय ठरतात. सरंजामी हक्क १७८९ मध्ये रद्द झाले. प्रतिष्ठेचा हक्क चित्रपटाने बेआत्रीसकडेच ठेवला आहे.

तथापि झाकूय ही मांडणी उधळून लावतो. राज्यक्रांतीने चाकरी संपवली हे उमगल्यावर त्याला परतायचे नसते. तो आपल्या जागी झाकारलाच बाराव्या शतकात धाडतो. दोन्ही भूमिका क्रिस्तियाँ क्लाव्हिए यानेच केल्यामुळे ही अदलाबदल अधिकच बोचते. एक चाकर सुटतो तो स्वतःच्याच वंशजाला चाकरीत लोटून. सरदाराकडील चाकराची जागा काही रिकामी राहत नाही.