हुप्या बदलतो, टोळी राहते
‘सत्तांतर’ आणि वानरांवरील संशोधन : एक पुनर्वाचन

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना अंजनेरी लागते. हनुमानाचा जन्म इथला, ही आपल्याकडची श्रद्धा. 2022 च्या मे महिन्यात, जन्मस्थान अंजनेरी की कर्नाटकातील किष्किंधा, यावर नाशकात शास्त्रार्थ भरला आणि तो हमरीतुमरीवर आला. वर्तमानपत्रांनी तो चवीने छापला. त्याच गोदावरीच्या काठाने वानरांविषयीचा आणखी एक वाद कितीतरी वर्षे चालू आहे. त्याची बातमी मात्र मराठी वाचकापर्यंत क्वचितच आली.

हा दुसरा वाद शेपटीपासून सुरू होतो. उत्तरेकडील वानर चालताना शेपटी कमानीसारखी पाठीवरून डोक्याकडे वळवतो. दक्षिणेकडील वानराची शेपटी मागे, अंगापासून दूर वळते. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी या फरकाकडे लक्ष वेधले आणि दोन प्रकारांमधली सीमा ढोबळमानाने तापी-गोदावरीच्या रेषेवर दाखवली. म्हणजे ब्रह्मगिरीवर जी धार उगम पावते, तीच पुढे वानरांच्या दोन तऱ्हांमधली खूण ठरते. भारतभरच्या काळतोंड्या वानरांना दीर्घकाळ एकच प्रजाती मानले जाई. 2001 मध्ये कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी तिच्या सात प्रजाती केल्या. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील वानरांचा रंग, शेपटीची ठेवण आणि जनुके एकत्र तपासली. तेव्हा ग्रोव्ह्ज यांच्या काही रेषा टिकल्या, काही पुसाव्या लागल्या. ज्या प्राण्याला आपण रोज पाहतो, तो नेमका किती प्रकारचा आहे हेसुद्धा ठरायचे होते.

हे सांगण्याचे कारण एक पुस्तक आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ 1982 साली आली आणि 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. वानरांच्या टोळीवरची ही लहानशी कादंबरी मराठीत एकटीच उभी आहे. टोळीचा प्रमुख नर, म्हणजे हुप्या, बाहेरून आलेल्या नराकडून हरतो. नवा हुप्या टोळी ताब्यात घेतो, आणि आधीच्याची पिल्ले मारली जातात. इसापापासून पंचतंत्रापर्यंत प्राणी माणसांची सोंगे घेऊन बोलत आले. माडगूळकरांनी ते सोंग उतरवले आणि वानरांना वानरांसारखे वागू दिले. त्यासाठी लागणारे रानातले निरीक्षण त्यांच्याकडे होते आणि भाषेचा संयमही. ही कादंबरी पुन:पुन्हा वाचली जाते ती त्यामुळेच.

माझी तक्रार कादंबरीपेक्षा आपल्या वाचनाविषयी आहे. आणीबाणी आणि 1977 चे सत्तांतर ताजे असताना हे नाव असलेले पुस्तक हाती आले की ते राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह कोणालाही होईल. मीही ते महाविद्यालयात असताना तसेच वाचले. जुना पडतो, नवा येतो, येताना आधीच्याचा वंश संपवतो: एवढे समजले की पुस्तक समजले, असे वाटले होते. या वाचनात हुप्या हाच नायक, हुप्याच खलनायक. माद्या आणि पिल्ले म्हणजे जिंकायचा मुलूख. वानरांवरील संशोधनाचा गेल्या साठ वर्षांचा प्रवास पाहिला की हे वाचन किती तोकडे आहे हे लक्षात येते.

त्या प्रवासाची सुरुवात शांत चित्राने झाली. फिलिस जे या अमेरिकन संशोधिकेने 1950 च्या दशकाअखेरीस भारतातील वानरांचा अभ्यास केला. तिला दिसल्या त्या बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहणाऱ्या टोळ्या. मग 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या रानात बसले. बाहेरचे नर टोळीवर चालून येतात, जुन्याला हुसकावतात आणि त्यानंतर अंगावर पिणारी पिल्ले मारली जातात, अशी नोंद त्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केली. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी 1971 मध्ये तसेच नोंदवले. पण हे का घडते? त्या वेळचे सोपे उत्तर होते गर्दी. वस्ती वाढली, रान आटले, अन्न देणारी माणसे वाढली, म्हणून वानर बिघडले.

सारा हर्डी 1971 मध्ये अबूच्या पहाडावर आली तेव्हा तिच्याही डोक्यात गर्दीचाच प्रश्न होता. काही वर्षांच्या निरीक्षणानंतर तिने वेगळेच उत्तर मांडले. वानर मादीचा गर्भकाळ सुमारे 200 दिवसांचा. त्यानंतर पिल्लू वर्षभर आणि त्याहून अधिक काळ अंगावर पिते, आणि तोवर ती सहसा माजावर येत नाही. एका हुप्याची कारकीर्द मात्र थोडक्या वर्षांची असते. दुसऱ्याचे पिल्लू मोठे होण्याची वाट पाहणाऱ्या नराची स्वत:ची पिल्ले जन्माला येण्याआधी किंवा जगण्याइतकी वाढण्याआधीच त्याची पाळी संपू शकते. जो नर पिल्लू मारतो, त्याच्यापासून ती मादी लवकर गाभण राहते. हे क्रौर्य रोगट नाही, त्या नराच्या वंशवृद्धीशी त्याचा हिशेब जुळतो, असे हर्डी म्हणाली.

यावर गदारोळ झाला. फिलिस जे, जी आता फिलिस डॉल्हिनो या नावाने लिहीत होती, हिने आणि इतरांनी आक्षेप घेतला की प्रत्यक्ष हत्या पाहिल्याच्या नोंदी थोड्या आहेत आणि त्या बहुधा माणसांच्या सान्निध्यातील टोळ्यांच्या आहेत. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. तो तपासला गेला 1999 मध्ये. नेपाळच्या रामनगर येथील रानात, माणसांचा वावर कमी असलेल्या टोळ्यांमध्ये कारोला बोरीस आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतून डीएनए मिळवून पितृत्व तपासले. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. पुढे त्याच माद्यांना झालेल्या पिल्लांचे बाप मात्र ते होते. वाद पुरता संपला असे विज्ञानात होत नाही, पण हर्डीचे पारडे जड झाले.

इथपर्यंतची गोष्ट रूपकाच्या वाचकाला सोयीची वाटेल. मात्र हर्डीच्या 1977 च्या पुस्तकाचे उपशीर्षक पाहावे. त्यात प्रजननाच्या डावपेचांचा उल्लेख आहे, आणि त्यात मादी आधी येते, नर नंतर. तिच्या अभ्यासाचा निम्मा भार माद्यांवर आहे. नवा नर येताच काही गाभण माद्याही त्याच्याशी समागम करतात. पुढे होणारे पिल्लू आपलेच असावे असा संभ्रम नराला राहावा, हा त्याचा लाभ असावा असे हर्डीचे अनुमान. माद्या एकजुटीने नराला अडवतात. पिल्लू वाचवण्यासाठी हल्लेखोरावर धावून जाणाऱ्यांत म्हाताऱ्या, मानाने खालच्या, स्वत: व्यायच्या थांबलेल्या माद्या पुढे असतात. नवजात पिल्लू पहिल्याच दिवशी आईच्या हातून मावशीच्या, आत्याच्या हाती फिरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माद्या जन्मल्या त्याच टोळीत सहसा राहतात. नर बाहेर पडतात. आजी, लेक, नात यांची साखळी त्याच झाडांवर, त्याच पाणवठ्यावर, त्याच रानाच्या तुकड्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. हुप्या दोन-चार वर्षांचा भाडेकरू. आता ‘सत्तांतर’ हा शब्द कसा वाटतो? घराची मालकी बदलतच नाही. भाडेकरू बदलल्याच्या गोष्टीला आपण घराचा इतिहास म्हणत आलो.

पुढचे संशोधन हेच चित्र मोठ्या पटावर मांडते. डिटर ल्यूकस आणि एलिझ ह्यूशार यांनी 2014 मध्ये 260 सस्तन प्रजातींची तुलना केली. जिथे थोडे नर बऱ्याच माद्यांवर हक्क सांगतात आणि ती पाळी थोडक्यात संपते, तिथे शिशुहत्या आढळते. जिथे माद्या अनेक नरांशी समागम करू लागल्या, तिथे पितृत्व अनिश्चित झाले आणि उत्क्रांतीच्या ओघात ही प्रथा मावळत गेली, असे त्यांचे अनुमान आहे. नराच्या हिंसेवर उत्तर शोधले माद्यांनी, आणि ते परिणामकारक ठरले.

माडगूळकरांच्या कादंबरीत माद्या नाहीत असे नाही. भरपूर आहेत. मात्र शीर्षकाने वाचकाच्या हाती जो चष्मा दिला त्याच्या काचेतून हुप्याच मोठा दिसतो. मराठी समीक्षेने तो चष्मा उतरवून कादंबरी वाचायला हवी. मग पिल्लू उराशी धरून फांद्या बदलणारी मादी पार्श्वभूमीला राहत नाही, कथानक तिचे होते. चांगल्या पुस्तकाचे हेच लक्षण की लेखकाने जे डोळ्यांनी पाहून लिहिले, त्यात त्याच्या शीर्षकापेक्षा जास्त काही शिल्लक असते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वानरात दिसते म्हणून माणसात क्षम्य, असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो काढण्याचा अधिकार हे संशोधन कोणालाही देत नाही. निसर्गात काय घडते याची ती नोंद आहे, काय घडावे याचा तो नियम नाही. हा फरक आपल्या परंपरेला नवा नाही. रामायणातल्या किष्किंधेतही सत्तांतर झाले. वाली पडला, सुग्रीव आला. धारवाडच्या रानातला नियम तिथे लागू झाला असता तर अंगद वाचला नसता. तो युवराज झाला. कथाकाराने वानरांच्या राज्यात माणसाची नीती घातली, आणि सुग्रीवावर संतापून आलेल्या लक्ष्मणाला सामोरी जाऊन शांत करायला तारेला पुढे केले. टोळीचा आधार कोण, हे त्याला ठाऊक असावे.

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. गडांवर, घाटांत, तीर्थांच्या वाटेवर भाविक वानरांना केळी, बिस्किटे, फुटाणे देतात. वानराचे पोट त्यासाठी नाही. गाईच्या पोटासारखे त्याच्या जठराला कप्पे असतात आणि पुढच्या कप्प्यात सूक्ष्मजीव पाला आंबवतात. 1987 मध्ये कॅरो-बेथ स्ट्यूअर्ट आणि सहकाऱ्यांनी वानराच्या जठरातील लायसोझाइम हे प्रथिन गाईच्या प्रथिनाशी ताडून पाहिले. जवळचे नाते नसलेल्या या दोन प्राण्यांत, त्या प्रथिनातील अमिनो आम्लांचे काही बदल स्वतंत्रपणे पण सारखेच घडले होते. आंबलेल्या पाल्याबरोबर खाली येणारे जिवाणू फोडून पचवायचे, हे एकच काम दोघांसमोर होते. पाल्यासाठी घडलेल्या अशा पोटात साखर-पिठाचा मारा झाला की आंबणे भलत्या वेगाने होते आणि आम्ल वाढते. आपण पुण्य म्हणून जे देतो ते त्याच्या पोटाला जड जाते.

शिवाय, ज्या आक्षेपाने हर्डीला वीस वर्षे घेरले, तो याच हातांविषयी होता: माणसाने खाऊ घातलेल्या टोळीचे वागणे खरे मानायचे का? रानातली टोळी रानात राहिली, म्हणूनच नेपाळमध्ये त्याचे उत्तर मिळाले. आपल्या डोंगरांवर पाला देणारी झाडे राहिली नाहीत आणि खाऊ देणारे हात तेवढे वाढत गेले, तर पुढच्या माडगूळकराला पाहायला वानर असतील, टोळी नसेल. केळ्यासाठी गाडीच्या टपावर बसलेला हुप्या तेवढा दिसेल. त्याच्यावरही कोणी कादंबरी लिहील, आणि आपण ती पुन्हा राजकारणाचे रूपक म्हणून वाचू.