शून्य आणि अभाव : सी भाषेतल्या दोन फंक्शनांची चिकित्सा

वैशेषिकांच्या परंपरेत पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला. 'इथे घट नाही' हे घटाविषयीचं अज्ञान नव्हे, ते ज्ञानच आहे. हा भेद आज आपण सी या संगणकीय भाषेला लावून पाहू.

अक्षरांच्या ओळीचा आकडा करण्यासाठी सीमध्ये 'एटॉय' हे फंक्शन आहे. त्याला इंग्रजी अंकातलं शून्य दिलं तर उत्तर शून्य. 'केळं' दिलं तरी शून्य. आणि गंमत बघा, मराठी अंकांत ५० लिहून दिलं तरी शून्यच, कारण ते अंक त्याला ओळखताच येत नाहीत! 'आकडा शून्य आहे' आणि 'आकडाच नाही' ही दोन विधानं ते एकाच शब्दात उच्चारतं. आकडा मावला नाही तर काय व्हावं, हे तर भाषेच्या प्रमाणकाने ठरवलेलंच नाही.

हा शब्दच्छल नव्हे. समजा, औषधाची मात्रा इंग्रजी अंकांत ५० टाकताना शून्याऐवजी चुकून 'ओ' हे अक्षर दाबलं गेलं. 'एटॉय' ५ घेऊन मोकळं होतं. रुग्णाला दहावा हिस्सा, आणि तक्रार कुठेच नाही.

१९८९च्या प्रमाणकात 'स्ट्रटोल' आहे. ते अधिक प्रामाणिक आहे, पण त्याची साक्ष तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागते. वाचन कुठे थांबलं, तो पत्ता ते देतं. पत्ता सुरुवातीचाच असेल तर आकडा मिळालाच नाही. पत्त्यावर ओळीचा शेवट नसेल तर काही उरलं. आकडा मावला नाही तर ते कमाल किंवा किमान मर्यादा परत देतं आणि 'एर्नो'मध्ये 'ईरेंज' ही खूण ठेवतं. ती कमाल संख्या खरोखरच लिहिलेली असू शकते, म्हणून खूण पाहायलाच हवी. 'एर्नो' मात्र आपणच आधी शून्य करायचा. लायब्ररीतलं कुठलंही फंक्शन तो शून्य करत नाही, त्यामुळे जुना दोष नव्या आकड्याच्या माथी बसू शकतो.

आमचा आक्षेप इथेच आहे. थांबल्याचा पत्ता नको असेल तर 'नल' द्यायचा, की प्रश्नच मिटला! 'स्ट्रटोल' पुरावा देतं, पण तो तपासल्याशिवायही आकडा वापरू देतं. प्रोग्रामर आळशी असतात हे खरं, पण उत्तर आणि पुरावा वेगवेगळ्या खिशांत ठेवणाऱ्या रचनेने त्या आळसाला जागा करून दिली आहे. ती रचना बदलत नाही तोवर पत्ता आणि 'एर्नो' या दोन्ही साक्षी तपासणं, हे आपलंच काम.