चिलखत सोपं झालं, सोबती हरवले

आता 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ घेऊ. २००६ मध्ये त्यात 'नॅक्सरामस' आलं. चाळीस खेळाडूंनी मिळून लढायचं, तेव्हा कुठे सर्वोत्तम शस्त्रं-चिलखतं मिळायची. आतवर पोचले फार थोडे. २०११ मध्ये 'रेड फाइंडर' ही सोय आली : बटण दाबा, यंत्रच पंचवीस अनोळखी माणसं जमवणार, लढाई सोपी, आणि जरा कमी प्रतीचं का होईना, चिलखत हाती.

जुने खेळाडू चिडले. 'आम्ही कमावलं, यांना फुकट!' हे आम्हाला पटत नाही. त्या कमाईत कौशल्य होतं, तशाच रिकाम्या संध्याकाळीही होत्या. रात्रपाळीवाल्याची लायकी कमी होती असं थोडंच आहे?

पण त्यांचं एक दुखणं खरं होतं, ते त्यांना मांडता आलं नाही इतकंच. मॅकिन्टायर 'आफ्टर व्हर्च्यू'मध्ये बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाचं उदाहरण देतो. मूल नुसतं गोळ्यांसाठी खेळत असेल, तर जमेल तिथे फसवेल. खेळाचीच गोडी लागली, तर फसवून स्वतःचंच नुकसान. 'रेड फाइंडर'ने गोळ्या वाटल्या, बरंच केलं. गोडी मात्र त्या चाळीस जणांत होती : कोण मार झेलतो, कोण जखमा भरतो, कुणाची चूक पोटात घालायची. इथे चुकला की मतदान करून बाहेर. नाव कोण विचारतो?

आणि गंमत बघा, दुसरी वाट त्यांनीच आधी काढली होती. २००८ मध्ये तेच नॅक्सरामस दहा जणांसाठीही उघडलं होतं. दहा माणसं ओळखीपाळखीतही जमतात.