पूर्वपरीक्षणाची सत्ता : चित्रपटापासून मोबाइल ॲपपर्यंत

प्रास्ताविक :
निर्मिती लोकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती तपासण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटातील कीचकवधाच्या दृश्याला कात्री लागली. प्रभात फिल्म कंपनीच्या शिवचरित्रावरील मूकपटाचे 'स्वराज्यतोरण' हे नाव ब्रिटिश परीक्षकांना रुचले नाही. तो 'उदयकाल' (१९३०) या नावाने प्रदर्शित झाला. आज मोबाइल ॲपच्या क्षेत्रात हाच अधिकार प्रामुख्याने ॲपल व गूगल या खाजगी कंपन्यांकडे आहे. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षणाचे स्वरूप :
ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले. परीक्षणाची नियमावली मात्र सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सध्या तिचे सुरक्षितता, कार्यक्षमता, व्यवसाय, रचना व कायदेशीर बाबी असे पाच विभाग आहेत. कंपनीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये तपासलेल्या सुमारे ६१ लाख प्रस्तावांपैकी सुमारे १६.८ लाख नाकारले गेले. कर्जाच्या आमिषाने ग्राहकाची संपर्कयादी हस्तगत करणारी ॲप पाहता परीक्षण अनावश्यक आहे, असे म्हणता येत नाही.

मर्यादा :
पहिली मर्यादा नियमांच्या सरसकटपणाची आहे. एकाच साच्यातून तयार केलेली अनेक ॲप एकाच निर्मात्याने सादर केल्यास ॲपलच्या नियमानुसार ती नाकारली जाऊ शकतात. बनावट ॲपची गर्दी रोखणे हा त्यामागील हेतू रास्त आहे. परंतु पाच पतसंस्थांसाठी माफक खर्चात पाच ॲप करून देणारा लहान गावातील व्यावसायिकही त्याच नियमात सापडतो.

दुसरी मर्यादा हितसंबंधांची आहे. चित्रपट परीक्षण मंडळ तिकीटविक्रीत वाटा घेत नाही. ॲपचे परीक्षक मात्र विक्रीवर शुल्क आकारणाऱ्या दुकानदाराचेच नोकर असतात. मार्च २०२४ मध्ये गूगलने शुल्काच्या वादातून शादी.कॉम, नोकरी.कॉम आदी भारतीय ॲप हटविली. केंद्र शासनाच्या हस्तक्षेपानंतर ती पुन्हा उपलब्ध झाली. या ॲपपासून ग्राहकाला धोका आहे, असा तो वाद नव्हता.

तिसरी मर्यादा दाद मागण्याची आहे. के. ए. अब्बास खटल्यात (१९७०) सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरविले. पण निकष स्पष्ट असावेत, ही अपेक्षाही व्यक्त केली. २०२१ मध्ये चित्रपटविषयक अपील न्यायाधिकरण रद्द झाले, तरी उच्च न्यायालयाचा मार्ग खुला आहे. ॲपलने २०२० मध्ये निर्मात्यांना खुद्द नियमालाही आव्हान देण्याची मुभा दिली. परंतु त्या आव्हानाचा निवाडाही कंपनीच करते.

निष्कर्ष :
परीक्षण असावे की नसावे, हा येथे वादाचा मुद्दा नाही. नकार देणाऱ्याने केवळ नियमक्रमांक न कळविता नेमका दोष सांगावा, शुल्काचा वाद सुरक्षिततेच्या तपासणीपासून वेगळा ठेवावा आणि अपील कंपनीबाहेरील यंत्रणेकडे असावे, एवढी किमान अपेक्षा आहे. ब्रिटिश परीक्षकांची सत्ता जाचक होती, पण तिला कायद्याचा आधार होता. म्हणून तिला जाब विचारता येत होता. खाजगी परीक्षकाला जाब विचारण्याची सोय करणे हे आजच्या कायद्यापुढील काम आहे.